जप्तीत न येणाऱ्या वस्तू

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६०व्या कलमात एक यादी आहे. हुकूमनामा झाला, दरखास्त दाखल झाली, जप्तीचं वॉरंट निघालं, तरी कर्जदाराच्या घरातल्या ज्या वस्तूंना हात लावता येत नाही त्यांची ही यादी. ऋणको, त्याची बायको आणि मुलं यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, आणि कोर्टाच्या मते त्याचं पोट चालायला लागतील तेवढे बैल आणि बियाणं. शेतकरी किंवा मजूर राहतो ते त्याचं घर. अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, मी दिवाणी कोर्टाचा बेलीफ म्हणून नोकरी केली. ही यादी मला पाठ होती. दारात धनकोचा माणूस, पंच आणि रडणारी बाई असे सगळे समोर असताना पुस्तक चाळायला सवड मिळत नाही.

दुसरी यादी मला त्याआधीपासून पाठ होती, कारण आमच्या घरी रोज संध्याकाळी पवित्र शास्त्र वाचलं जाई. अनुवादाच्या २४व्या अध्यायात मोशे सांगतो की कोणाचं जातं गहाण घेऊ नये, जात्याची वरची तळीसुद्धा घेऊ नये, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेण्यासारखं आहे. गरिबाचं पांघरूण तारण घेतलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत करावं. आणि तारण घ्यायला गेलेल्या धनकोने घरात शिरू नये. बाहेर उभं राहावं आणि ऋणकोने स्वतः ते बाहेर आणून द्यावं. ज्याने आयुष्यभर लोकांच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकून पंचनामे केले, त्याला हे शेवटचं वाक्य फार जड जातं. कर्जदाराच्या घरालाही अब्रू असते, हे तिथे कायद्याच्या भाषेत लिहून ठेवलं आहे.

दिवाळं निघालेल्या माणसाने ख्रिस्ती आशा कुठे शोधायची, असं मला विचारतात तेव्हा मी या दोन याद्यांपासून सुरुवात करतो. धनकोच्या हक्काला एक हद्द आहे आणि ती परमेश्वराने आखली आहे, एवढं कळलं तरी माणूस रात्री झोपू शकतो. ही हद्द आमच्या मुलखात कायद्यात उतरायला मात्र फार काळ लागला, आणि त्यासाठी लोकांनी फार सोसलं.

१८५९च्या दिवाणी संहितेखाली हुकूमनाम्याचे पैसे न देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येत असे. कैद्याच्या जेवणाचा भत्ता धनकोने भरायचा. त्याने भरणं थांबवलं की कैदी सुटे. म्हणजे माणूस किती दिवस आत राहणार हे बऱ्याच अंशी सावकाराच्या रागावर आणि ऐपतीवर ठरे. प्रत्यक्षात रयतेला तुरुंगात टाकण्यापेक्षा तुरुंगाची भीती घालणंच जास्त फायद्याचं होतं. त्या भीतीने माणूस कसल्याही रोख्यावर अंगठा उठवी. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षं केली. रयतेवर व्याजाचा डोंगर चढू नये हा हेतू. घडलं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा करून घेऊ लागला आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिसळू लागला. आजोबाने घेतलेल्या बियाण्याच्या पैशापायी नातू शेत लिहून देई, आणि मधल्या साऱ्या रोख्यांचा हिशेब फक्त सावकाराच्या वहीत असे.

मग अमेरिकेत यादवी युद्ध झालं. १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारही हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, भाव कोसळले. त्याच सुमारास तीस वर्षांची जुनी जमाबंदी संपून पुष्कळ तालुक्यांत सारा वाढला. सावकारांनी हात आखडते घेतले आणि वसुलीला कोर्टाची वाट धरली.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे गावच्या बाजारच्या दिवशी लोकांनी सावकारांची दुकानं-घरं गाठली आणि वह्या, रोखे, गहाणखतं बाहेर काढून जाळली. तिथून ही आग पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या आमच्या तालुक्यांत पसरली. सरकारी चौकशीत एक गोष्ट ठळकपणे नोंदली गेली: जिथे सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले तिथे त्याच्या जिवाला सहसा धक्का लागला नाही. लोकांना कागद हवे होते. धाकदपटशा आणि जाळपोळ झाली, काहींना इजाही झाली, आणि त्याची भलामण मी करणार नाही. पण ज्या लोकांना वाचता येत नव्हतं ते एका वाचता न येणाऱ्या कागदाला किती भ्याले असतील, हे कोर्टातल्या माझ्या नोकरीने मला समजावलं.

नहेम्याचा पाचवा अध्याय वाचताना मला नेहमी सुपे आठवतं. यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्या लोकांनी आक्रोश केला की दुष्काळात धान्यासाठी आम्ही शेतं, द्राक्षमळे, घरं गहाण टाकली, राजाचा सारा भरायला कर्ज काढलं, आणि आता आमच्या मुलामुलींना दास व्हावं लागत आहे. दुष्काळ, सारा, गहाण, मुलं: दख्खनच्या चौकशीचे कागद आणि हा अध्याय शेजारी ठेवले तर शब्द बदलतात, दुःख बदलत नाही. नहेम्या संतापला. त्याने सभा बोलावली, प्रतिष्ठितांना सर्वांसमोर दोष दिला आणि शेतं, मळे, घरं, वर घेतलेलं व्याज सगळं त्याच दिवशी परत करायला लावलं. आपणही आणि आपल्या माणसांनीही कर्जाऊ दिलं आहे हे तो त्याच सभेत बोलून दाखवतो. त्याच्या शब्दाला वजन आलं ते त्यामुळे, असं मला वाटतं.

आमच्याकडे सभा भरली ती कायदेमंडळात. १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणं त्याने बंद केलं. कोर्टाला रोख्याच्या मागे जायचा अधिकार दिला: पहिलं कर्ज किती, व्याज किती, मधे काय काय मिसळलं, हे न्यायाधीशाने मुळापासून तपासायचं. पन्नास रुपये किंवा जास्त देणं असलेल्या शेतकऱ्याला नादार ठरवून घेण्यासाठी कोर्टात अर्ज करता येऊ लागला. महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. कायद्यात पळवाटा निघाल्याच. सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखतं करून घेतली. तरीही रोखा म्हणजे शेवटचा शब्द, ही समजूत त्या वर्षी मोडली.

इथे एका जर्मन माणसाचं नाव घेणं मला अगत्याचं वाटतं. फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझेन हा खेड्यांचा महापौर, श्रद्धाळू प्रॉटेस्टंट. १८४६-४७च्या उपासमारीच्या हिवाळ्यात त्याने गावातल्या सधन लोकांकडून पैसे जमवून गरिबांना पाव आणि बियाणं दिलं. नंतर अनुभवाने त्याला पटलं की नुसत्या दानाने गरीब उभा राहत नाही, आणि १८६४ मध्ये हेडेसडोर्फला त्याने गावाची पतपेढी काढली. तिचा पाया असा की सगळे सभासद एकमेकांच्या कर्जाला पूर्ण जबाबदार. शेजाऱ्यावर प्रीती कर ही आज्ञा त्याने खतावणीत उतरवली. मद्रासचे अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५-९७च्या आपल्या अहवालात हीच पद्धत हिंदुस्थानसाठी सुचवली, १९०४चा सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यातून आला, आणि त्यात गावच्या संस्थांसाठी अमर्याद जबाबदारीचं तत्त्व ठेवलं गेलं. १९१८ मध्ये वसईच्या कॅथलिकांनी आपली पतपेढी सुरू केली, तिची आज मोठी बँक झाली आहे. आमच्या जिल्ह्यात गावोगाव ज्या सोसायट्या आहेत त्यांच्या वंशावळीत तो हिवाळा आहे, हे आमच्या मंडळ्यांतल्या तरुणांना कोणी सांगत नाही.

शेतकरी नसलेल्या कर्जदारासाठी मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांना १९०९चा आणि बाकी मुलखाला १९२०चा नादारीचा कायदा आहे. २०१६ मध्ये नवी संहिता आली, पण साध्या व्यक्तींबद्दलचा तिचा भाग अजून सर्वांना लागू झालेला नाही, त्यामुळे जिल्हा कोर्टात अजून १९२०चाच कायदा चालतो. कोर्ट माणसाला नादार ठरवतं, मालमत्ता रिसीव्हरच्या ताब्यात जाते, धनकोंना वाटणी होते, आणि पुढे कोर्टाने मुक्ततेचा हुकूम दिला की उरलेलं देणं सुटतं. सरकारी देणं, फसवून घेतलेलं देणं आणि पोटगी मात्र सुटत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आमच्या मंडळीतल्या एका छापखानेवाल्याने हा रस्ता धरला. भावाला जामीन राहिला होता. मी त्याच्या दारी कामाच्या दिवशी नोटीस घेऊन गेलो आणि पुढच्या रविवारपासून त्याचा बाक रिकामा दिसू लागला. भेटायला गेलो तर म्हणाला, "भाऊ, दानाची थैली पुढे आली की मान वर होत नाही." मंडळीची वर्गणीही थकली होती, आणि थकबाकीची यादी वार्षिक सभेत वाचली जाते हे त्याला ठाऊक होतं.

छपाईचं मशीन तारण होतं, ते गेलं. तारण दिलेल्या वस्तूला ६०वं कलम वाचवत नाही. पण बांधणीचा शिकंजा, सुया, सुरी ही कारागिराची हत्यारं, ती राहिली. पाळकसाहेबांनी एका रविवारी २ राजे, चौथा अध्याय घेतला. नवरा मेलेली बाई, दारात धनको, तो दोन मुलगे दास करून न्यायला आलेला. अलीशा तिला विचारतो की घरात काय आहे, आणि मग शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो, थोडकी आणू नकोस म्हणतो. तेल विकून आधी देणं फेड आणि उरेल त्यावर तू आणि तुझे मुलगे जगा, असा त्या गोष्टीचा शेवट आहे. पाळकसाहेबांनी त्यावर लांब भाष्य केलं नाही. घरातली फाटलेली पवित्र शास्त्रं आणि उपासना संगीताची पुस्तकं बांधायला घेऊन या, एवढं सांगितलं. लोकांनी आणली. त्या माणसाने कामाचे पैसे घेतले आणि तो पुन्हा रविवारी येऊ लागला.

१९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात निकाल दिला की केवळ गरिबीमुळे देणं फेडता येत नाही एवढ्यावरून माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही; पैसे असून तो बुडवतो आहे हे दिसलं पाहिजे. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी कायद्याखाली बेकायदा सावकारीत गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा निबंधकाकडे अर्ज करून परत मागता येते. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या सर्वांना तालुका विधी सेवा समितीकडून वकील मोफत मिळतो.

म्हणून मंडळ्यांच्या पास्टोरेट कमिट्यांना माझी विनंती आहे की वार्षिक सभेत थकबाकीदारांची नावं वाचणं बंद करा, आणि ही माहिती देवळाच्या फलकावर लावा. आणि ज्याच्या घरी नोटीस आली आहे त्याला सांगतो: बेलीफ आला तर त्याच्याकडे ६०व्या कलमाची यादी मागा, नोटिशीची तारीख चुकवू नका, आणि वर्गणी थकली असली तरी रविवारी देवळात या.