इंदूरचा ढीग, टास्मानियाचा शब्द

पर्माकल्चरचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक म्हणजे "हे काय नवीन परदेशी फॅड?" आणि दुसरी, "यात नवीन ते काय, आमचे आजोबा हेच करायचे." झहीराबादजवळच्या एका सेंद्रिय शेतावर मी हे शिकायला काही दिवस राहिलो, आणि मला दोन्ही अर्धवट वाटायला लागल्या.

आधी शब्दाचं बघू. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांची गाठ टास्मानियात पडली. 'पर्मनंट' आणि 'अ‍ॅग्रिकल्चर' जोडून त्यांनी शब्द घडवला, आणि १९७८ साली पहिलं पुस्तक काढलं. पण 'पर्मनंट अ‍ॅग्रिकल्चर' हा शब्दप्रयोग त्याहून बराच जुना. एफ. एच. किंग नावाचा अमेरिकन माती-तज्ज्ञ १९०९ मध्ये चीन, कोरिया, जपानमध्ये हिंडला. चाळीस शतकं तीच जमीन कसूनही तिचा कस कसा टिकतो, हा त्याचा प्रश्न. त्याच्या १९११ च्या पुस्तकाच्या नावातच हे शब्द आहेत.

ते पुस्तक वाचलं आल्बर्ट हॉवर्डनं. साहेब १९०५ साली बिहारात पुसाला आला तो भारतीय शेती सुधारायला! पुढे मात्र इथल्या शेतकऱ्यांना आणि चक्क किडींना त्यानं आपले गुरू मानलं. १९२४ ते १९३१ तो इंदूरला होता. तिथे बसवलेली कंपोस्टची पद्धत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. आम्हीही शेतावर तसाच ढीग रचला. काडीकचऱ्याचा थर, वर शेण, गोमूत्रात भिजलेली माती, थोडी राख. मग पुन्हा काडीकचरा. ओल हवी, पण चिखल नको. हवा खेळली पाहिजे, म्हणून ठरल्या वेळी ढीग पलटायचा. चार फावड्यांत कंबर बोलायला लागते, ते वेगळं.

या पद्धतीवरच्या १९३१ च्या पुस्तकावर दोन लेखकांची नावं आहेत: आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. दुसरं नाव किती जणांनी ऐकलंय? मी तरी त्या शेतावर कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. हॉवर्ड 'सेंद्रिय शेतीचा जनक' झाला, वाड मुखपृष्ठावर राहिले.

म्हणजे आजोबावाल्यांचं खरं? अर्धंच. आजीच्या परसात मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू असायचं, हे खरं. पण ती सवय होती. जमीन बदलली, माणूस शहरात गेला, की सवय तुटते. मॉलिसननं केलं ते असं की या सवयींमागचा विचार वेगळा काढून शिकवता येईल असा मांडला. आधी पाणी, मग वाटा, मग झाडं, वाफे शेवटी. रोज हात लागतो ते घराजवळ, वर्षातून दोनदा लागतं ते लांब. ७२ तासांचा अभ्यासक्रम, आणि शिकलेल्यानं पुढे शिकवायचं.

हे कागदावर पटतं, पण कळतं हातात ओळंबा आल्यावर. दोन सारख्या काठ्या, मध्ये आडवी पट्टी, वरून दोरीला दगड. दोरी आडव्या पट्टीच्या खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे खुंटी ठोकायची, एक पाय फिरवून पुढे टाकायचा. डोळ्यांना सरळ वाटणारी रेघ जमिनीवर सापासारखी वळत जाते. त्यावर चर खणायचा, माती उताराकडे टाकायची. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात सलग समतल चर म्हणतात, तेच.

मॉलिसन १९८७ साली भारतात आले होते. झहीराबादजवळच्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी आहे; तिच्या संघांमधल्या बहुसंख्य बाया दलित, कोरडवाहू शेती करणाऱ्या. ही विद्या या भागात रुजली ती अशा माणसांच्या जमिनीवर. २०१७ साली याच भागात पर्माकल्चरवाल्यांचं आंतरराष्ट्रीय संमेलनही भरलं.

आमच्या तुकडीत मात्र बहुतेक सगळे सॉफ्टवेअरवाले. शेतकरी दोनच, उदगीरकडचं एक जोडपं. फी भरायला त्यांनी काय केलं असेल, हे विचारायचं माझ्या जिवावर आलं. काकूंनी त्या काठ्यांचं माप पदराच्या टोकानं घेऊन ठेवलं होतं. निघताना काका एवढंच म्हणाले, "पेरणीआधी वरच्या बांधापास्नं सुरू करतो."