वायुमापन, अल्पोत्पादी विहिरींतील
नैसर्गिक वायूच्या ज्या विहिरींचा मूळचा दाब बहुतांशी खर्च झालेला असून ज्यांतून दररोज थोडाच वायू मिळतो, त्यांना अल्पोत्पादी विहिरी म्हणता येईल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील (अ. सं. सं.) ॲपालॅचियन प्रदेशात, विशेषतः पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया व ओहायओ या राज्यांत, अशा विहिरी फार मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या मापनाचा इतिहास हा बव्हंशी मोठ्या विहिरींसाठी बनविलेली साधने लहान विहिरींना लावण्याचा इतिहास आहे.

न्यूयॉर्क राज्यातील फ्रिडोनिया येथे 1821 मध्ये विल्यम हार्ट यांनी सुमारे 8 मी. खोल विहीर खणून वायू मिळविला. त्यानंतर बराच काळ विहिरीपाशी वायू मोजण्याची निकड कोणास भासली नाही. इंडियाना राज्यात तर तो ग्राहकांनाही ठोक आकारणीने दिला जाई व मशाली दिवसाही जळत राहत. 1891 मध्ये तेथे अशा मशालींवर कायद्याने बंदी आली.

आंरी पीतो यांनी 1732 मध्ये शोधलेली वेगमापक नळी ओहायओ येथील प्राध्यापक एस्. डब्ल्यू. रॉबिन्सन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास वायुविहिरींना लावली. या पद्धतीत विहिरीचे तोंड पूर्ण उघडून बाहेर पडणाऱ्या झोताचा दाब मोजतात. जोरदार विहिरीस ती सोयीची. परंतु दुबळ्या विहिरीचा झोत इतका मंद असतो, की नळीवर वाचण्याजोगा दाबच येत नाही. शिवाय चाचणीत वायू फुकट जातो तो वेगळाच.

पेनसिल्व्हेनियातील ऑइल सिटी येथील अभियंते टॉमस आर्. वेमथ यांनी 1912 मध्ये छिद्रचकतीच्या मापकाविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. नळात मधोमध छिद्र असलेली पातळ चकती बसविली म्हणजे तिच्या दोन बाजूंच्या दाबांत फरक पडतो. प्रवाह या दाबांतराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. हलणारा भाग नसलेले हे स्वस्त व टिकाऊ साधन लवकरच सर्वमान्य झाले. लहान विहिरींची अडचण मात्र या वर्गमूळातच आहे. मापकाची कमाल मर्यादा 100 एकक असून लेखणी 1 एककाने चुकली, तर पूर्ण प्रवाहात चूक अर्धा टक्का होते. प्रवाह एक पंचमांश झाला की दाबांतर 4 एककांवर येते आणि तीच चूक सुमारे 12 टक्के होते. लहान छिद्राची चकती घातल्यास दाबांतर वाढते खरे, पण विहिरीत साचलेले पाणी मधूनच उसळले की लेखणी कागदाबाहेर जाते. संपीडकाने (काँप्रेसरने) वायू ओढला जात असेल, तर दाबाच्या स्पंदनांमुळे मापक प्रवाह प्रत्यक्षाहून अधिक दाखवितो.

ही चूक केवळ तांत्रिक नव्हती. जमीनमालकाचे स्वामित्वशुल्क, जे परंपरेने एक अष्टमांश असे, याच आकड्यावर ठरे. 1978 च्या नैसर्गिक वायू धोरण अधिनियमाने तिला आणखी धार आणली. नव्वद दिवसांच्या उत्पादनकाळात रोजची सरासरी 60 हजार घ. फुटांहून (सुमारे 1,700 घ. मी.) अधिक नसलेल्या विहिरीच्या वायूस चढी कमाल किंमत मिळू लागली. विहीर कमाल कार्यक्षम वेगाने चालविलेली असावी, ही अट त्यात होती. अन्यथा झडप आवळून ‘अल्पोत्पादी’ ठरणे अवघड नव्हते. सरासरी उत्पादनाच्या दिवसांवर काढावयाची असल्याने विहीर किती दिवस चालली, याची नोंदही प्रवाहाइतकीच महत्त्वाची ठरली. मर्यादेच्या आसपास असलेल्या विहिरीची वर्गवारी मग लेखणीच्या जाडीवर अवलंबून राही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. वायूच्या किंमतींवरील नियंत्रणे 1993 च्या आरंभी पूर्णपणे उठली.

मंद प्रवाहास विस्थापन-मापक अधिक योग्य असतात. त्यांत ठराविक आकारमानाचे कप्पे भरून रिकामे होतात व वर्गमूळाचा प्रश्नच येत नाही. मात्र पाणी व गाळ यांनी ते बिघडतात. अनेक मालकांनी म्हणूनच दहा-वीस विहिरींचा वायू एका मापकातून नेऊन, प्रत्येक विहिरीचा वाटा अधूनमधून घेतलेल्या चाचण्यांवरून ठरविण्याचा मार्ग पत्करला. त्यात एकूण आकडा विश्वसनीय असतो, पण वाटणी अंदाजाचीच राहते. पुढे इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्रांनी कागदी आलेखांची जागा घेतली. तथापि, अशा एका विहिरीच्या तुटपुंज्या उत्पन्नातून त्यांचा खर्च भागविणे सर्वच मालकांना परवडत नाही.