नांदेडची लढाई आणि मलिक अंबरचे अनुयायी

आफ्रिकेतील लढवय्या समाजांचा विषय निघाला की झुलूंचे नाव प्रथम पुढे येते. शाका राजाने (इ. स. १८१६-१८२८) निरनिराळ्या कुळांतील समवयस्क तरुणांच्या पलटणी उभारून कुळनिष्ठेवर राजनिष्ठेची मात केली, हे सर्वश्रुत आहे. जन्मसंबंधापलीकडील निष्ठेचा हाच प्रश्न त्यापूर्वी दोन शतके मराठवाड्यातही उपस्थित झाला होता. तेथील नायक मलिक अंबर हा झुलू नव्हे. तो हबशी, म्हणजे इथिओपियाचा.

हिमायतनगर, किनवट, कंधार ही गावे आज ज्या जिल्ह्यात मोडतात त्याचे मुख्य ठिकाण नांदेड. तेथे इ. स. १६०२ मध्ये खानखानानचा पुत्र मिर्झा इरज याने अंबरचा पराभव केला. अंबर जखमी झाला. तेव्हा त्याच्या हबशी आणि दख्खनी अनुयायांनी त्याला रणांगणातून सोडवून नेले, असे फिरिश्ता सांगतो. बहुतेक ग्रंथांत हा प्रसंग एका ओळीत आटोपतो. वस्तुतः त्या ओळीतील ‘आणि’ हे अव्ययच सर्वांत महत्त्वाचे होय.

गुलाम म्हणून विकला गेलेला अंबर बगदादमार्गे दख्खनेत आला व चंगेझखान या हबशी पेशव्याच्या पदरी वाढला. त्याला येथे ना कूळ, ना वतन. हबशांनी त्याला साथ द्यावी हे स्वाभाविक; पण दख्खन्यांनी पराभूत सरदारासाठी जीव का धोक्यात घालावा? अहमदनगर पडल्यावर इ. स. १६०० मध्ये परांड्यास दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवून त्याने एका बुडत्या राज्याला आधार दिला होता, हे त्याचे एक उत्तर असावे. खानखानाननेही या पराभूताशी तह करणेच पसंत केले. पुढे विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने अंबरच्या पदरी सुमारे १०,००० हबशी व ४०,००० दख्खनी असल्याची नोंद केली. हे प्रमाण बोलके आहे. जहांगीर त्याला शिव्यांवाचून उल्लेखीत नसे. त्याच्याच दरबारचा मुतमदखान मात्र इ. स. १६२६ मधील अंबरच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या युद्धकौशल्याची मुक्तकंठाने प्रशंसा करतो.

अंबरचा पुत्र फत्तेखान याने इ. स. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले. त्यानंतर निजामशाहीचा नवा वारस गादीवर बसवून इ. स. १६३६ पर्यंत झुंज चालविली ती शहाजी भोसले यांनी, इ. स. १६२४ मध्ये भातवडीच्या रणात ते अंबरच्या बाजूने लढले होते.