धडा, उजळणी आणि प्रश्न : अमेरिकन मराठी मिशनच्या प्राथमिक वर्गाचा एक विचार (१८१५–१८५६)

आधुनिक भारतीय शिक्षणाचा इतिहास बहुधा धोरणांच्या अंगाने लिहिला गेला आहे. १८१३ची सनद, १८३५चे मेकॉलेचे टिपण, १८५४चा वुडचा खलिता आणि १८८२चा हंटर आयोग हे टप्पे सर्वपरिचित आहेत. या टप्प्यांच्या दरम्यान प्रत्यक्ष वर्गात काय चालत होते, पंतोजी काय सांगत होते आणि मुले त्यातून काय उचलीत होती, हा प्रश्न मात्र तुलनेने उपेक्षित राहिला. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला तो टाळता येण्यासारखा नाही. भाषांतरित ग्रंथाचा पहिला मोठा वाचकवर्ग या प्राथमिक शाळांतच घडला. परक्या भाषेतील वाक्यरचना, कथनाच्या रीती आणि युक्तिवादाचे साचे देशी भाषांच्या अंगवळणी पडले तेही बऱ्याच अंशी याच वर्गांतून.

प्रस्तुत लेखात अमेरिकन मराठी मिशनने मुंबई आणि अहमदनगर येथे चालविलेल्या प्राथमिक शाळांचा विचार केला आहे. शाळेत कोणता धडा शिकवायचा हे मिशनने ठरविले. त्या धड्याचा अर्थ काय लावला जाईल हे मात्र त्याच्या हाती राहिले नाही, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे. साधनांविषयी एक गोष्ट आरंभीच नोंदवायला हवी. या वर्गांची माहिती मुख्यतः मिशनऱ्यांच्या पत्रांतून आणि अहवालांतून मिळते, आणि ही पत्रे बॉस्टनच्या ‘मिशनरी हेरल्ड’सारख्या मासिकांतून देणगीदारांसमोर जात असत. त्यामुळे पटावरील संख्या त्यांत आवर्जून येते, वर्गातील गोंगाट क्वचितच येतो. तो ऐकण्यासाठी या शाळांच्या सान्निध्यात घडलेल्या मराठी लेखनाकडेच वळावे लागते.

या वर्गाची पूर्वपीठिका महाराष्ट्राबाहेर, तमिळ प्रदेशात शोधावी लागते. १७०६ मध्ये त्रंकेबार (तरंगमबाडी) येथे आलेल्या त्सीगेनबाल्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तमिळ मुलांसाठी शाळा काढल्या. त्याच परंपरेतील श्वार्ट्झ हा जर्मन पाद्री तंजावरच्या भोसले घराण्यातील सरफोजी (दुसरे) यांचा गुरू आणि पालक झाला. ख्रिस्ती शिक्षकाच्या हाताखाली वाढलेल्या या मराठी राजाने पुढे तंजावरात अनेक भाषांच्या शाळा चालविल्या, देवनागरी टंकांचा छापखाना उभारला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. मुंबईच्या मराठी मुद्रणाच्या किती तरी आधीची ही गोष्ट आहे. सरफोजींनी गुरूकडून भूगोल, शरीरशास्त्र आणि मुद्रण घेतले. आपल्या गुरूचे संगमरवरी स्मारकही उभारले. पण धर्म सोडला नाही.

दुसरी घटना मद्रासची. एग्मोर येथील सैनिकी अनाथालयाचा प्रमुख म्हणून १७८९ पासून काम करणाऱ्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने एका गावठी शाळेत मुले वाळूवर बोटाने अक्षरे गिरविताना पाहिली. पाट्या नाहीत, कागद नाही, तरी मुले लिहितात, आणि शिकलेला मुलगा न शिकलेल्याला शिकवितो. या रीतीवर आधारलेली पुस्तिका त्याने १७९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली आणि ‘मद्रास पद्धती’ इंग्लंडभर पसरली. लँकेस्टरने तिला आपले रूप दिले. नंतर मुंबईत शिक्षणसंस्था आणि मिशने आली तेव्हा हीच रीत नव्या सुधारणेच्या नावाने पुन्हा भारतात शिकविली जाऊ लागली. धूळपाटीवर धुळाक्षरे गिरविणाऱ्या मराठी मुलाला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. पाश्चात्त्य ‘प्रभावा’ची सरळ रेषा काढू पाहणाऱ्या अभ्यासकाने या परतीच्या प्रवासाचे स्मरण ठेवणे बरे.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. १८१५ मध्ये मिशनची पहिली शाळा निघाली आणि १८२४ मध्ये मुलींची. मराठी शिकविण्यासाठी मराठी शिक्षकच हवा. तो साहजिकच हिंदू, आणि पुष्कळदा ब्राह्मण असे. मिशनऱ्यांना स्वतःलाच भाषा नीट येत नव्हती. परिणामी येशूच्या चरित्राचा धडा कपाळाला गंध लावलेल्या पंतोजींच्या तोंडून मुलांपर्यंत पोचू लागला. या विसंगतीची मिशनऱ्यांना खंत होती. पंतोजींना ती फारशी जाणवली असेल असे वाटत नाही. पगारासाठी एक पुस्तक शिकवावयाचे आणि घरी दुसरे वाचावयाचे, यात त्यांच्या दृष्टीने व्रतभंग नव्हता.

गावठी शाळेतील शिक्षण हे कंठस्थ करण्याचे शिक्षण होते. अक्षरओळख, मोडी वळण, हिशेब, आणि पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतची उजळणी. संध्याकाळचा परवचा हा त्याचा सामूहिक आविष्कार. मिशनने या वर्गात दोन गोष्टी आणल्या: बाळबोध लिपीतील छापील पुस्तक आणि प्रश्नोत्तरे. त्यांपैकी पहिलीचे महत्त्व अभ्यासकांनी पुरेसे ओळखले आहे. मिशनचा छापखाना १८१७ च्या सुमारास सुरू झाला, १८२६ मध्ये मराठी नवा करार पूर्ण झाला. आणि याच छापखान्यात टॉमस ग्रॅहॅमच्या हाताखाली ज्यांनी टंकांचे काम शिकून घेतले त्यांत पुढे ‘निर्णयसागर’ उभारणारे जावजी दादाजी होते. मुलांच्या आईबापांना मात्र हवी होती मोडी आणि हिशेब. पेढीवर किंवा कचेरीत चाकरी मिळायची ती मोडीच्या जोरावर. बाळबोध ही पोथीची लिपी होती, आणि मिशनचे पुस्तकही पोथीच ठरले. शाळेत मूल टिकवायचे तर मोडी आणि अंकगणित शिकविणे भाग होते. धर्मशिक्षण या देवघेवीत बसवावे लागले.

दुसरी गोष्ट, म्हणजे प्रश्नोत्तरे, मला अधिक विचार करण्यासारखी वाटते. शिक्षकाने विचारायचे, मुलाने ठरलेले उत्तर द्यायचे: तुला कोणी उत्पन्न केले, देव किती आहेत, पाप म्हणजे काय. मिशनच्या दृष्टीने उद्दिष्ट समजून घेण्याचे होते. पण वर्गातील ध्वनी परवचाचाच राहिला. मुलांनी प्रश्नोत्तरे उजळणीच्या चालीवर पाठ केली, आणि ‘एक देव’ हे उत्तर ‘बे दुणे चार’सारखे निघू लागले. हे घोकणे आहे, श्रद्धा नव्हे, अशी मिशनऱ्यांची तक्रार असे. ती खरीच होती. तथापि या प्रकाराला एक दुसरी बाजू आहे. धर्मासंबंधी प्रश्न विचारता येतो, त्याला मराठी गद्यात, छोट्या वाक्यांत उत्तर देता येते, आणि हे उत्तर शूद्राच्या किंवा मुलीच्या तोंडूनही अपेक्षिले जाते, ही गोष्ट त्या वर्गात रोज घडत होती. संतवाङ्मयात संवाद होता, पुराणांत वक्ता-श्रोता होते. पण दहा वर्षांच्या मुलाने उभे राहून धर्माविषयी उत्तर देण्याचा प्रसंग शालेय व्यवहारात पूर्वी नव्हता. उत्तर पाठ केलेले होते. प्रश्न विचारण्याची घडण मात्र उत्तरापेक्षा अधिक टिकली.

याचा पहिला पुरावा अनपेक्षित ठिकाणी मिळतो. मुंबई आणि कोकणातील बेने इस्राएल मुले अमेरिकन मिशनच्या शाळांत मोठ्या प्रमाणात येत. कोकणात शनवार तेली म्हणून ओळखला जाणारा हा मराठीभाषक ज्यू समाज शब्बाथ पाळीत होता, सुंता करीत होता. परंतु हिब्रू ग्रंथांशी त्याचा संबंध क्षीण झाला होता. मिशनने त्यांना जुना करार मराठीत दिला, तो त्यांनी येशूपर्यंत यावे म्हणून. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले, तेही याच हेतूने. बेने इस्राएलांनी ही साधने स्वीकारली, अब्राहाम आणि मोशे आपल्या पूर्वजांत बसविले आणि नव्या कराराच्या उंबरठ्याशी ते थांबले. ख्रिस्ती शाळेने एका समाजाला अधिक ज्यू केले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत बेने इस्राएलांची स्वतःची शाळा काढली ती या शिक्षणाच्या पायावर.

मुलींच्या शाळांची गोष्ट सिंथिया फॅरार यांच्यावाचून सांगता येत नाही. १८२७ मध्ये मुंबईत आलेल्या या अविवाहित अमेरिकन शिक्षिकेने १८३९ पासून १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत अहमदनगरला काम केले. त्यांच्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली, हे जोतीरावांनीच नमूद केले आहे. स्वतः जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशन शाळेचे विद्यार्थी. त्यांच्या १८५५च्या ‘तृतीय रत्न’ या नाटकात पाद्री येतो, कुणबी जोडप्याशी बोलतो, जोश्याने केलेली फसवणूक त्याच्या बोलण्यातून उघडी पडते. वाचकाची अपेक्षा अशी होते की आता बाप्तिस्मा येणार. जोडपे जाते ते फुले यांच्या रात्रीच्या शाळेत. या नाटकाच्या रचनेत प्रश्नोत्तराचा वर्ग सरळ दिसतो. त्यातील अखेरचे ठरलेले उत्तर तेवढे बदललेले आहे.

बाबा पदमनजी यांचे उदाहरण याच्या उलट. बेळगावच्या मिशन शाळेत आणि पुढे मुंबईत शिकलेले पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) विधवांच्या स्थितीविषयी पात्रे एकमेकांना विचारतात, उत्तरे देतात, शंका काढतात. मराठीतील पहिल्या कादंबरीचा हा संवादबहुल स्वभाव केवळ इंग्रजी नमुन्यांवरून आला असे मानणे मला अपुरे वाटते. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रातही (१८८८) आपले धर्मांतर ते एका दीर्घ शंकानिरसनासारखे मांडतात.

आता वर्गातील सर्वांत कठीण बाब. कोण कोठे बसत होते? एका वर्गात सर्व जातींची मुले, हे मिशनचे तत्त्व होते. महाराचे मूल आत आले की सवर्णांची मुले उठून जात, आणि मूल उठून गेले की पंतोजींचे पोट धोक्यात येई. अहमदनगर परिसरातील खेड्यांत महार मुलांसाठी वेगळी शाळा काढणे हाच मार्ग पुष्कळदा उरला. तत्त्वाने नाकारलेली जात अशी शाळेच्या जागेवर उमटत राहिली. तरीही मिशनच्या शाळेचे दार उघडे होते हे विसरून चालणार नाही. १८५६च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने अर्ज केला तेव्हा मुंबई सरकारने उत्तर दिले ते असे की, एकासाठी शाळा इतर सर्वांना निरुपयोगी होऊ देणे योग्य नाही.

याच सुमारास मिशनने स्वतःच्या शाळांवर कात्री चालविली. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४–५५ मध्ये पाहणीसाठी आले. देशी भाषेतील उपदेश हे मिशनचे खरे कार्य, इंग्रजी शिक्षण ही उधळपट्टी, आणि ख्रिस्ती नसलेल्या शिक्षकांच्या शाळांतून धर्मकार्य साधत नाही, असा त्यांच्या शिष्टमंडळाचा कल होता. अहमदनगरचे इंग्रजी शिक्षण त्यात बंद पडले. देशी भाषांचा हा कैवार वरवर पाहता आपल्याला आवडण्यासारखा आहे. पण त्याची किंमत कोणी दिली हे पाहावे लागते. ब्राह्मण मुलाला सरकारी शाळेत इंग्रजी मिळत होते. खेड्यातल्या महार ख्रिस्ती मुलाला दुसरी शाळा नव्हती. त्याच्या वाट्याला मराठी शुभवर्तमान आले आणि कचेरीची भाषा आली नाही. स्वभाषेतून शिक्षण या तत्त्वाचा विचार करताना भाषेबरोबर शिकणाऱ्याची जातही पाहिली पाहिजे, हे आपल्या भाषाविषयक चर्चांत आजही क्वचितच म्हटले जाते.

अँडरसन यांच्या पाहणीच्या त्याच हंगामात, १८५५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात एका चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. मुक्ताबाई ही मिशनची विद्यार्थिनी नव्हती. ती फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकत होती. तिचा मजकूर छापण्यापूर्वी संपादकांच्या हाताखालून गेला असेल, जसा त्या काळचा प्रत्येक मजकूर जात असे. पण त्यातील युक्तिवादाची घडण पाहावी. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आम्हांला धर्मपुस्तक नाही हे उघड आहे. मग आमचा धर्म कोणता, असे ती थेट देवालाच विचारते. हा प्रश्न प्रश्नोत्तराच्या पुस्तकातला आहे, वाक्याचा घाटही तेथलाच. पुस्तकात त्याच्या खाली उत्तर छापलेले असे. मुक्ताबाई ते देत नाही. ख्रिस्ती पत्राच्या पानावर, बायबलचे नाव सहज घेता येईल अशा जागी, ती प्रश्न उघडा ठेवते आणि महार-मांगांच्या स्त्रियांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही कसे मिळत नाही, हे सांगायला लागते.