टांग्रा

कोलकात्याच्या पूर्व भागातील चिनी वस्ती. टिरेटा बाजारातील जुन्या चिनी वस्तीनंतर शहरात उभी राहिलेली ही दुसरी मोठी वसाहत.

कोलकात्याशी चिनी लोकांचा संबंध अठराव्या शतकाच्या अखेरीचा. टाँग अच्यू या व्यापाऱ्याने वॉरन हेस्टिंग्जकडून हुगळीकाठी जमीन मिळवून साखर कारखाना काढला. त्याच्याच नावावरून तिथल्या गावाला अचिपूर म्हणतात. पुढे कँटनकडचे सुतार आले, हूपेई प्रांतातले दंतवैद्य आले, आणि चामड्याच्या धंद्यात हक्का या चिनी समाजाचे लोक शिरले.

टांग्रा वसवले ते या हक्कांनी, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. शहराबाहेरची दलदलीची, स्वस्त जागा, जवळच कत्तलखाना. कातडी कमावण्याचे काम उच्चवर्णीय हिंदू विटाळाचे मानत, हक्कांना तसली आडकाठी नव्हती. खाली कारखाना नि वर बिऱ्हाड अशी घरे उभी राहिली. बायकाही कारखान्यात राबत. कातडी भिजवण्या-रंगवण्याची अंगमेहनत बहुतेक बिहारकडच्या चर्मकार मजुरांची होती. वस्तीच्या भरभराटीत त्यांचा वाटा नोंदवलाच पाहिजे.

१९६२च्या भारत-चीन युद्धाने या समाजाचा कणा मोडला. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग अशा ठिकाणांहून चिनी वंशाच्या सुमारे ३ हजार लोकांना राजस्थानातील देवली येथे स्थानबद्ध केले गेले. त्यांत भारतातच जन्मलेली मुले होती. कोलकात्यातल्यांवर पोलिसांकडे हजेरी लावण्याची सक्ती आली. तेव्हापासून परदेशी जाण्याचा ओघ सुरू झाला. टोरांटोत आज कोलकात्याच्या हक्कांची मोठी वसाहत आहे. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणामुळे टांग्र्यातले चामड्याचे कारखाने कोलकात्याजवळच्या बानतला येथे हलवण्याचा आदेश दिला. अनेक कारखान्यांच्या जागी उपाहारगृहे, सॉसचे कारखाने आले.

आज लोक टांग्र्याला जातात ते जेवायला. मुंबईत १९७०च्या दशकात 'चिकन मंचुरियन' प्रथम करणारे म्हणून ओळखले जाणारे नेल्सन वाँग मूळचे कोलकात्याचेच. वस्तीतल्या चिनी कालीमंदिरात प्रसाद म्हणून नूडल्स मिळतात. देवीपुढे चिनी उदबत्त्या जळतात आणि पूजा बंगाली पुरोहित करतो. ही सरमिसळ पिढ्यानपिढ्यांच्या शेजारातून आली आहे, तिला नुसती गंमत मानणे अन्यायाचे ठरेल.

देवलीतून सुटलेल्या आणि कॅनडात स्थायिक झालेल्या काहींनी भारत सरकारने माफी मागावी अशी मागणी केली आहे. ती अजून पूर्ण झालेली नाही.