उचल कुणाची आणि माणूस कुणाचा?

पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी सरळ "उचल" म्हणून सांगते. समोरचा माणूस बीडकडचा किंवा पाथर्डी-शेवगावकडचा असेल तर त्याला पुढे काही सांगावं लागत नाही. पुण्या-मुंबईचा असेल तर तो विचारतो, "म्हणजे पगाराआधी घेतलेला अ‍ॅडव्हान्स ना? त्यात काय एवढं?" आजची पोस्ट या "त्यात काय एवढं"साठी.

आधी थोडक्यात रचना सांगते. ऊसतोडीला बहुतेक वेळा नवरा-बायकोची जोडी जाते. या जोडीला "एक कोयता" म्हणतात. म्हणजे भाषेतच दोन माणसांचं एक हत्यार झालेलं आहे. हंगामाआधी, साधारण पावसाळ्यात, घरात पैसा नसतो तेव्हा मुकादम कोयत्याला उचल देतो. हे पैसे कारखान्याकडून वाहतूक ठेकेदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे आणि मुकादमाकडून जोडीकडे येतात. दिवाळीच्या आसपास टोळी निघते, कारखान्याच्या परिसरात कोप्या घालते आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, ऊस तोडून ती उचल फेडते. तोडीचा दर टनावर. आजारपणामुळे किंवा पाळीच्या त्रासामुळे कामाला गेलं नाही की खाडा धरतात आणि त्याचे पैसे कापतात. हिशेबाची वही मुकादमाकडे.

गेल्या हंगामात एका कोपीसमोर बसून एका मावशींना विचारलं, "मावशी, उचल फिटली का यंदा?" त्या हसल्या. म्हणाल्या, "उचल फिटत नसती बाई. नुसती पुढच्या वर्साला सरकती."

हे वाक्य वहीत लिहून घेतलं, आणि पुढचे कित्येक दिवस जुने कायदे वाचताना ते डोक्यातून जाईना.

आता थोडं मागं जाऊ. १८५९ साली कंपनी सरकार जाऊन राणीचं सरकार आलेलं होतं. त्या वर्षी हिंदुस्थानात तेरावा कायदा झाला, वर्कमन्स ब्रीच ऑफ काँट्रॅक्ट अ‍ॅक्ट. कायद्याच्या सुरुवातीलाच त्याचं कारण दिलंय: कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या शहरांतले कारागीर आणि मजूर आगाऊ पैसे घेतात आणि काम न करता फसवतात, त्यामुळे कारखानदारांचं आणि व्यापाऱ्यांचं नुकसान होतं. उपाय काय केला? मालकाने मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची. मॅजिस्ट्रेट मजुराला हुकूम देणार की पैसे परत कर नाहीतर काम पुरं कर. यातलं काय हवं, ते मालक सांगणार. हुकूम पाळला नाही तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. मालकाने करार मोडला तर त्याला मात्र या कायद्यात काहीच शिक्षा नव्हती.

एरवी कर्ज बुडालं तर तो दिवाणी मामला असतो. सावकार कोर्टात जातो, जप्ती आणतो. इथे कर्ज घेणारा मजूर असला की तोच मामला फौजदारी झाला. उचलीला तुरुंगाची धार लागली ती अशी. पुढे हा कायदा शहरांबाहेरही लागू केला गेला. आसामच्या चहामळ्यांनी तो कित्येक दशकं वापरला. शेवटी १९२५ मध्ये तो रद्द झाला.

कायदा गेला. उचल राहिली. आणि ती तक्रारही राहिली. आज कुठल्याही मुकादमाशी बोला. तो सांगेल, "मॅडम, लोक दोघातिघांकडून उचल घेतात आणि पळून जातात. मी कारखान्याला काय तोंड दाखवू?" ही तक्रार खोटी नाही. मुकादम स्वतः मध्ये अडकलेला असतो, टोळी फुटली तर बुडीत रक्कम त्याच्या बोकांडी बसते. मग वसुलीसाठी माणसं अडवून ठेवणं, मारहाण करणं, पळवून नेणं इथपर्यंत गोष्टी जातात. पण १८५९ चा मसुदा आणि आजच्या मुकादमाचं बोलणं शेजारी ठेवलं की दिसतं: दोन्हीकडे प्रश्न "मजूर पळतो" असा मांडलेला आहे. तो का पळतो, हा प्रश्न दोन्हीकडे नाही.

तो प्रश्न घटनेने विचारला. १९५० पासून कलम २३ प्रमाणे वेठबिगारीला बंदी आहे. मग १९७६ मध्ये वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा आला. महाराष्ट्रात वेठबिगारी म्हटलं की लोकांना ठाण्याचे लग्नगडी आठवतात, म्हणजे लग्नासाठी कर्ज काढून जमीनदाराकडे राबणारे आदिवासी. पण कायद्याची व्याख्या त्याहून खूप रुंद आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणूस फुकट किंवा किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबत असेल, किंवा दुसरीकडे काम करायची मोकळीक गमावत असेल, किंवा हवं तिथे जायची मोकळीक गमावत असेल, किंवा आपली मेहनत बाजारभावाने विकायचा हक्क गमावत असेल, तर ती वेठबिगारी. प्रत्येक अटीआधीचा तो "किंवा" महत्त्वाचा आहे. एक अट लागू झाली तरी पुरे. साखळदंड लागत नाही, कुलूप लागत नाही. आणि असं कर्ज कायद्याने संपलेलं असतं, ते फेडायची जबाबदारीच उरत नाही.

बरं, पण जबाबदार कोण? कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नाहीत, ठेकेदाराचे. ठेकेदार म्हणतो, मुकादमाचे. नेमका हाच युक्तिवाद १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टात झाला होता. दिल्लीत आशियाई खेळांसाठी स्टेडियम आणि पूल बांधले जात होते. किमान वेतन होतं दिवसाला सव्वानऊ रुपये. त्यातला एक रुपया जमादार कमिशन म्हणून कापून घेत, मजुराच्या हातात पडत सव्वाआठ. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने याचिका केली. सरकारी यंत्रणांचं म्हणणं, मजूर ठेकेदारांचे आहेत. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या निकालाने दोन गोष्टी ठरवल्या. एक, भुकेमुळे आणि गरिबीमुळे दुसरा पर्याय नसताना किमान वेतनापेक्षा कमी पैशात केलेलं काम हेसुद्धा सक्तीचं काम आहे, म्हणजे कलम २३ चा भंग. दोन, ठेकेदार मध्ये आहे म्हणून मूळ काम करवून घेणाऱ्याला हात झटकता येणार नाहीत.

म्हणजे ज्याला आज कंपन्या "सप्लाय चेनची जबाबदारी" म्हणतात, ती कल्पना आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वी एका जमादाराच्या एक रुपयावरून मांडली गेलेली आहे.

ऊसतोडीत तर हात झटकणं आणखी विचित्र दिसतं. तोडणीचे दर ठरतात ते साखर कारखान्यांचा राज्य संघ आणि कामगार संघटना यांच्यातल्या करारात. दर ठरवताना समोरासमोर बसायचं, आणि मजूर कुणाचा विचारलं की ठेकेदाराकडे बोट दाखवायचं!

आता शेवटचा टप्पा. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरी कायद्याप्रमाणे ३ कोटी ६० लाख पौंड किंवा जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना दरवर्षी निवेदन काढावं लागतं: आमच्या धंद्यात आणि पुरवठा साखळीत गुलामगिरी नसावी म्हणून आम्ही काय केलं. गंमत म्हणजे "आम्ही काहीच केलं नाही" असं लिहिलं तरी कायदा पाळला जातो. आपल्याकडे २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीच्या अहवालात सक्तीच्या मजुरीविषयी माहिती द्यावी लागते. सहकारी साखर कारखाना काही शेअर बाजारात नसतो. पण त्याची साखर ज्यांच्या बिस्किटात आणि शीतपेयात जाते, त्या कंपन्या असतात.

अशी बरीच निवेदनं वाचल्यावर एक गोष्ट खटकते. बहुतेकांत शोध असतो तो बालमजुरांचा, जप्त केलेल्या ओळखपत्रांचा, बंद दरवाजांचा. ते शोधायलाच हवं. पण ऊसाच्या फडाला दरवाजा नसतो. तिथे कुलूप म्हणजे मुकादमाची वही. म्हणून तपासनिसाने गेटवरचा फलक वाचण्याऐवजी हंगामात कोपीवर जाऊन साधे प्रश्न विचारावेत. उचल किती आणि कुणाच्या नावावर? बायकोची मजुरी वेगळी लिहिली जाते का? वजनाची पावती तोडणाऱ्याला मिळते का? खाड्याचे किती कापले? मध्येच गावी जायचं म्हटलं तर काय होतं? आणि पट्टा पडला तेव्हा उरलेली बाकी कुठे गेली?

हे प्रश्न कागदी नाहीत. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यामागे कारणं अनेक आहेत, नफेखोर दवाखान्यांपासून अपुऱ्या सरकारी आरोग्यसेवेपर्यंत. पण खाडा परवडत नाही, हे त्यांतलं एक कारण बायका स्वतः सांगतात.

उचल बंद करा, असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात दुसरं कुणी त्यांना पैसे देत नाही, आणि ती एका फटक्यात बंद झाली तर ते सावकाराकडे जातील. पण उचल ही मजुरीचा आगाऊ भाग आहे की माणसावरचा ताबा, हे बाकीचं काय होतं त्यावर ठरतं. हंगामाच्या शेवटी बाकी मिटली तर ती मजुरी. पुढच्या वर्षाला सरकली तर तिचं नाव १९७६ च्या कायद्यात आधीच लिहिलेलं आहे.

मावशींची बाकी यंदाही सरकली. त्यांनी मला रक्कम सांगितली नाही, कारण ती त्यांना माहीत नव्हती. वही मुकादमाकडे होती.