पाळणाघर कसं निवडायचं? मूल कुणाकडे ठेवण्याआधी या गोष्टी तपासा

बुलढाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्यातलं धामणगाव बढे हे कापूस, सोयाबीन आणि मक्याच्या पट्ट्यातलं गाव. कापसाची वेचणी सुरू झाली की बायका सकाळीच शेतात जातात आणि दिवस मावळताना परततात. काही जणी नोकरीसाठी मोताळा, मलकापूर किंवा बुलढाण्याला ये-जा करतात.

अशा घरातलं दोन वर्षांचं मूल दिवसभर कुठे असतं? आजी असेल तर आजीकडे. नसेल तर शेजारच्या काकूंकडे, कधी शाळा बुडवून घरी थांबलेल्या मोठ्या बहिणीकडे, तर कधी धुऱ्यावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीत.

शहरात पाळणाघर शोधताना पाटी, रंगवलेल्या भिंती आणि फीचं पत्रक समोर येतं. गावात बहुतेक वेळा एक घर असतं आणि मुलं सांभाळणारी एक बाई असते. दोन्ही ठिकाणी विचारायचा पहिला प्रश्न मात्र एकच आहे: एका बाईच्या हाताखाली किती मुलं आहेत?

अंगणवाडी म्हणजे पाळणाघर का?

नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. या योजनेतून चालणाऱ्या अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांची मुलं काही तासांसाठी येतात. त्यांना तिथे आहार आणि पूर्वशालेय शिक्षण मिळतं. ६ महिने ते ३ वर्षं वयाच्या मुलांना घरी नेण्यासाठी आहार दिला जातो, दिवसभर सांभाळलं जात नाही. म्हणजे सांभाळण्याची सर्वांत जास्त गरज ज्या वयात असते, नेमकं तेच वय सुटतं.

हा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी इथे ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे त्यांनी अनुताई वाघ यांच्यासोबत कोसबाड इथे आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शिक्षण पाड्यावरच्या अंगणात नेलं. मोठी मुलं धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी अडकतात, हेही त्यांच्या लक्षात आलं. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणण्याचा प्रयोग केला. धाकट्याची सोय झाली, तरच थोरलीची शाळा टिकते, हे आजच्या खेड्यातही तितकंच लागू आहे.

सरकारी पाळणाघर मिळू शकतं का?

केंद्र सरकारने २००६ मध्ये राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू केली. २०२२ पासून ती 'मिशन शक्ती'अंतर्गत 'पाळणा' या नावाने चालते. ६ महिने ते ६ वर्षं वयाच्या मुलांसाठी ही योजना आहे. त्यात काही अंगणवाड्यांनाच जोडून पाळणाघर चालवण्याची सोय आहे. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये राज्यात अशा ३४५ केंद्रांना मंजुरी दिली. राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. त्यामुळे ही संख्या किती अपुरी आहे, हे लक्षात येतं.

आपल्या भागात केंद्र आहे किंवा होणार आहे का, याची चौकशी अंगणवाडी सेविकेकडे, पर्यवेक्षिकेकडे किंवा तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करता येते.

नोकरदार आईसाठी आणखी एक तरतूद आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावी लागते. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा असते. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. शेतात रोजाने जाणारी बाई मात्र या चौकटीत बसत नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तिच्यासाठी थोडी सोय केली होती. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर एका मजूर बाईला त्यांना सांभाळायला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची, अशी ती तरतूद होती. खासगी शेतावर तेवढंही बंधन नाही.

एका बाईकडे किती मुलं असावीत?

केंद्र सरकारने २०१८ मध्ये कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक सेविका आणि सोबत मदतनीस हवी. ३ ते ६ वयोगटासाठी हे प्रमाण २० मुलांमागे एक असं आहे. घरगुती पाळणाघर तपासतानाही हा आकडा मोजपट्टी म्हणून वापरता येतो.

दहा हा वरचा आकडा आहे आणि त्यात मदतनीस धरलेली आहे, हे विसरू नका. एकटी बाई घरचा स्वयंपाक करत सहा-सात रांगती मुलं सांभाळत असेल, तर ती कितीही मायाळू असली तरी तिचे हात पुरणार नाहीत. मुलं मोजताना तिची स्वतःची आणि नातेवाइकांची मुलंही धरा.

जागा पाहायला गेल्यावर काय तपासायचं?

एकदा ठरवून जा आणि एकदा न सांगता. न सांगता गेलेलं चालणार नाही असं कुणी म्हणत असेल, तर तिथे मूल ठेवू नका. जेवणाची किंवा दुपारच्या झोपेची वेळ निवडा, कारण सर्वाधिक धावपळ तेव्हाच असते.

- पाणी: विहीर, हौद, टाकं झाकलेलं आहे का? बादली भरून उघडी ठेवलेली नसावी. रांगतं मूल बादलीतल्या थोड्या पाण्यातही बुडू शकतं.
- फवारणीचं औषध: कापूस पिकवणाऱ्या घरात कीटकनाशक असतंच. ते कुलूपबंद आणि उंचावर हवं. रिकामे डबे आणि फवारणीचा पंपही मुलांच्या हाती लागता कामा नये.
- वीज: उन्हाळ्यात कूलरला हात लावून शॉक लागण्याचा धोका मोठा असतो. तो मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवलाय का? खालचे सॉकेट, उघड्या वायरी पाहा.
- चूल आणि गॅस: मुलं खेळतात ती जागा स्वयंपाकापासून वेगळी आहे का?
- ऊन: पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेमध्ये दुपारी मुलं ठेवणं धोक्याचं आहे. दुपारी बारानंतर स्वतः तिथे बसून पाहा.
- खाणं: लहान मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देत नाहीत ना? ते घशात अडकू शकतात. तान्ह्या बाळाला बाटलीऐवजी वाटी-चमच्याने दूध पाजणं चांगलं.
- स्वच्छता: शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी बाई साबणाने हात धुते का?
- मोबाइल: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलाला स्क्रीन दाखवू नये. २ ते ४ वर्षांच्या मुलासाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा आहे.

याहून महत्त्वाचं म्हणजे रडणाऱ्या मुलाकडे पाहा. त्याला कुणी उचलून घेतं का, त्याच्याशी बोलतं का? की 'रडू दे, होईल गप' म्हणून सोडून देतात?

कोणते प्रश्न विचारायचे?

बाई आजारी पडली तर मुलं कोण सांभाळतं? घरात आणखी कोण कोण राहतं, दिवसभर कोण येतं-जातं? मुलाला ताप आला तर आधी फोन कुणाला? डॉक्टरांकडे कसं नेणार? न विचारता औषध देता का? मूल न्यायला कोण कोण येऊ शकतं?

तिथे आधी मुलं ठेवलेल्या दोन-तीन आयांशीही बोला. 'चांगलं आहे का?' असं विचारलं की 'हो' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी 'मूल पडलं किंवा आजारी झालं तेव्हा तुम्हाला कधी आणि कसं कळवलं?' असं विचारा.

सीसीटीव्ही असला म्हणजे झालं का?

नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघर इथे एका पाळणाघरात १० महिन्यांच्या बाळाला आयाने मारहाण केल्याचं उघड झालं. तिथे कॅमेरा होता आणि मारहाण त्यात दिसत होती. म्हणजे कॅमेऱ्यामुळे पुरावा मिळाला, पण मार टळला नाही. कॅमेरा असेल तर चित्रण कोण पाहतं आणि पालकांना ते पाहता येतं का, हे विचारा. कॅमेरा नसलेलं, पण दार दिवसभर उघडं असलेलं शेजारचं घरही सुरक्षित असू शकतं.

पहिले काही दिवस कसे काढायचे?

कामावर जाण्याच्या दिवशीच मूल पहिल्यांदा सोडू नका. निदान आठवडाभर आधी सुरुवात करा. पहिले दोन दिवस सोबत बसा, मग अर्धा तास, दोन तास असं वाढवत न्या. मूल झोपलं असताना किंवा नजर चुकवून निघून जाऊ नका, सांगून निघा. सुरुवातीला रडणं स्वाभाविक आहे. बहुतेक मुलं हळूहळू रुळतात.

ओळखीचं घर असलं तरी पैसे, वेळ, सुट्ट्या आणि आजारपणातल्या दिवसांचं आधीच स्पष्ट ठरवा. दोघांचे फोन नंबर आणि मुलाला कशाची ॲलर्जी असेल तर तेही कागदावर लिहून द्या. माता बाल संरक्षण कार्डाची झेरॉक्स सोबत ठेवा, म्हणजे कोणत्या लसी झाल्या आहेत ते डॉक्टरांना कळतं.

सावध कधी व्हायचं?

रुळलेलं मूल अचानक जायला घाबरतं, अंगावर न पटणाऱ्या कारणाच्या खुणा दिसतात, वजन कमी होतं किंवा घरी आल्यावर ते गुंगीत असल्यासारखं झोपून राहतं, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. गप्प ठेवण्यासाठी झोपेचं औषध दिलं जात असण्याची शक्यताही लक्षात घ्या.

मदतीसाठी चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे, तातडीच्या वेळी ११२. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. धामणगाव बढे इथे पोलीस ठाणं आहे. 'गावातच मिटवू' असा सल्ला अशा प्रकरणात ऐकू नये.

गावात एकही सोय नसेल तर?

चार-पाच घरं मिळून एका विश्वासू बाईला महिन्याचे पैसे ठरवून देऊ शकतात. वेचणीच्या हंगामापुरती अशी सोय करणं बचत गटालाही अवघड नाही. वेचणीला जाणाऱ्या बायकांपैकी एकीने मुलांजवळ थांबायचं आणि तिची रोजी बाकीच्यांनी भरून द्यायची, हाही एक मार्ग आहे.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करणं अपेक्षित असतं. पाळणाघराचा विषय आधी महिला सभेत आणि मग ग्रामसभेत लेखी मांडता येतो. अर्जासोबत गावात तीन वर्षांखालची मुलं किती आणि त्यांपैकी किती जणांची आई कामावर जाते, ही यादी जोडा. अंगणवाडी सेविकेच्या नोंदींवरून ती तयार करता येईल.